नवरा येतोय

१

निलमचं काम ऐकायला सोपं होतं. कालचं आज जुळवायचं.

तलासरीहून वेवजीकडं जाताना रस्त्याला लागून एका बंद कारखान्याची शेड आहे. तिथं ‘नियतीगड’ नावाच्या हिंदी मालिकेचा सेट उभा होता. राजवाडा, देऊळ, तुरुंग, जादूची विहीर, सगळं एकाच पत्र्याखाली आणि सगळं थर्माकोलचं. काल दिवा जिथं होता तिथंच तो आज असायला हवा, हार काल जेवढा सुकलेला होता तेवढाच आज सुकलेला दिसायला हवा. ह्याला कंटिन्युइटी म्हणतात. सकाळी आठला पोचायचं, मोबाईलमधले कालचे फोटो उघडायचे आणि एकेक वस्तू ताडून बघायची. तीन वर्षांत निलमची एकही चूक निघाली नव्हती. डोळा असा तयार झाला होता की लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरच्याच्या पानातली भजी किती होती नि किती उरली, हे तिला न मोजता कळायचं.

सोमवारी सकाळी ती लग्नमंडपाच्या सेटवर आली. मालिकेतल्या राजकन्येचं एका अदृश्य राजकुमाराशी लग्न लागायचं होतं. म्हणून मंडपात दोन पाट. एक राजकन्येचा, आणि दुसरा रिकामा, त्याच्यावर हिरवं कापड घातलेलं. राजकुमार मागाहून ग्राफिक्समध्ये टाकायचा होता. फोटोत दोन पाटांमध्ये वीतभर अंतर होतं.

नवरदेवाचा पाट बोटभर सरकला होता. नवरीच्या पाटाकडं.

तिनं तो जागेवर ठेवला आणि जमिनीला चिकटपट्टीची खूण केली. मंगळवारी पाट खुणेपासून चार बोटं पुढं. मग मात्र तिनं झाडूवाल्या बाबल्याला धरलं.

“बाबल्याकाका, झाडू मारताना पाट ढकलता काय?”

“मी कशाला ढकलू? मंडपात चप्पल काढून जायला लागतं. माझे गुडघे दुखतात, मी बाहेरनंच मारतो झाडू,” बाबल्या म्हणाला. कामचुकारपणाची एवढी सरळ कबुली दिल्यावर माणसाला काय बोलणार?

ती पाटाजवळ खाली बसली. कापडाच्या चुण्या कडेला होत्या तशाच होत्या, मधोमध मात्र दबून सपाट झाल्या होत्या. तिनं हात लावला आणि लगेच काढून घेतला. पत्र्याखाली उकडतंच, लाकूड तापणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं. जानेवारीतली सकाळ होती आणि ती स्वतः स्वेटर घालून आली होती.

हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. पण पाटाचा विषय निघाला की गुरुवारचा विषय निघणार, आणि तो दिवस तिला कोणाच्याही तोंडून ऐकायचा नव्हता.

२

गुरुवारी काय झालं ते असं.

मयुरा मॅडम ह्या मालिकेच्या असिस्टंट डायरेक्टर, चिखल्याच्या बागायतदाराची मुलगी. हुशार बाई, कामाला वाघ, पण जिभेला लगाम नाही. त्या नेहमी म्हणायच्या, “आपल्याकडं जादू ग्राफिक्समध्ये, नशीब स्क्रिप्टमध्ये, आणि श्रद्धा? ती प्रेक्षकांच्या घरी!” सगळे हसायचे, निलमही हसायची. तर ह्या लग्नाच्या सीनसाठी त्यांना काहीतरी खरं हवं होतं.

“निलम, तुमच्यात ती लग्नात गाणारी म्हातारी असते ना? देवांना बोलावते ती?”

“धवलेरी,” निलम म्हणाली. ‘तुमच्यात’ हा शब्द तिला टोचला. “आहे एक. विचारते.”

ती ‘एक’ म्हणजे जानी. निलमची सख्खी आत्या. आई गेली तेव्हा निलम चार वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत हाकलून, बारावीपर्यंत पोचवलं ते जानीनं. पण हे मॅडमना सांगायचं निलमच्या जिवावर आलं.

जानीशी तर ती त्याहून वाईट वागली. लग्न नसताना जानी तोंड उघडत नसे. एकदा मुंबईहून कोणी गाणी रेकॉर्ड करायला आला होता. जानीनं त्याला चहा पाजला, पपई कापून दिली आणि वाटेला लावलं. “लग्न नाही तर उगाच कशाला बोलवू? बोलावलं की येतात ना ते,” एवढंच म्हणाली. म्हणून निलमनं सांगितलं, “आत्या, एका मोठ्या घरचं लग्न आहे. तू गा.”

जानी आली. नवं लुगडं, केसांना तेल, पाय अनवाणी आणि हातात पिशवी. ती शेडच्या दारातून आत आली तेव्हा मयुरा मॅडम निलमच्या शेजारीच उभ्या होत्या.

“ही तुझी कोणी आहे का गं? चेहरा मिळतो.”

जानी दोन हातांवर होती. निलमला बघून तिचं तोंड हसायला लागलेलं होतं.

“कोणी नाही,” निलम म्हणाली. “गावातली बाई आहे.”

जानीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून जीव गेला. तिनं निलमवरून नजर काढली आणि मंडपाकडं चालू लागली.

नेमकी राजकन्येचं काम करणारी हिरोईन व्हॅनमध्ये रुसून बसली होती. मॅडम म्हणाल्या, “निलम, तू बस पाटावर. घुंगट घे. तोवर लाईट लावू आणि गाणंही रेकॉर्ड करून टाकू.” निलम बसली. लाल घुंगटाखाली तिला फक्त आपले पाय दिसत होते.

“नवरीचं नाव काय?” जानीनं विचारलं.

“काहीही घ्या ना मावशी,” मॅडम म्हणाल्या.

जानी पुढं आली. निलमला तिचे पाय समोर येऊन थांबलेले दिसले. निलमच्या डाव्या पावलावर कोयत्याचा जुना वण होता. नऊ वर्षांची असताना लागलं होतं, आणि जानीनंच हळद दाबून रक्त थांबवलं होतं. ते समोरचे पाय बराच वेळ हलले नाहीत.

“आणि नवरा कुठं?”

लाईटवाले खो खो हसले. मॅडम म्हणाल्या, “येतोय मावशी, बुधवारपर्यंत येईल! तुम्ही सुरू करा.”

जानीचा त्यांच्यावर विश्वास बसला नसावा. ती वाकली, घुंगटाजवळ तोंड आणलं आणि अगदी हळू विचारलं, “येतोय ना गो?”

बोलली असती तर आवाज ओळखला गेला असता. निलमनं घुंगटाखालून मान डोलावली.

मग जानी गायली. संथ, एकसुरी, आडात पोहरा सोडावा तसा तो आवाज खाली खाली जात होता. दुसऱ्याच ओळीत तिनं नवरीचं नाव घेतलं. निलम. जानीच्या मांडीवरची निलम.

निलमनं ते स्पष्ट ऐकलं. घुंगट मागं टाकून “थांब आत्या, हे खोटं आहे” म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मग सगळ्यांना कळलं असतं. ती बसून राहिली. चार मिनिटांनी मॅडम “कट” म्हणाल्या, लाईट विझले, माणसं जेवायला गेली. कट म्हणजे काय हे जानीला कोणी सांगितलंच नव्हतं. रिकाम्या शेडमध्ये ती शेवटपर्यंत गायली.

तिनं कागदी ताटलीतलं जेवण बाहेर पायरीवर बसून खाल्लं. ती जाईपर्यंत निलम मेकअपच्या खोलीत दडून बसली. संध्याकाळी मंडपाच्या खांबाशी पिशवी सापडली. आत रानातले कंद, उकडलेले करांदे होते, निलमला आवडतात म्हणून आणलेले. त्यांना मुंग्या लागल्या होत्या. निलम तिथंच बसून रडली, आणि कोणी बघेल म्हणून लगेच डोळे पुसले.

३

तर मंगळवारी ती पाटाजवळ बसली होती आणि डोकं चालवत होती. ती काही अडाणी नव्हती. जनरेटर दिवसभर थरथरतो, त्या थरथरीनं हलकी वस्तू सरकू शकते. जमिनीला उतार असेल. पूजेच्या ताटातलं लिंबू घेऊन तिनं जमिनीवर सोडलं. लिंबू जरा थांबलं आणि घरंगळत निघालं, नवरीच्या पाटापासून लांब, उलट्या बाजूला.

तिनं सुतार बोलावला आणि नवरदेवाचा पाट चार खिळ्यांनी जमिनीला ठोकून घेतला. सुतार म्हणाला, “पाट कोणी ठोकतं काय, निलमताई? पळून जाणार आहे?” तीही हसली. त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

बुधवारी सकाळी खिळे जागच्या जागी होते. पाट हलला नव्हता. निलमनं सुटकेचा श्वास टाकला, मोबाईल उघडला, फोटो समोर धरला.

आता नवरीचा पाट सरकला होता.

४

दुपारी मयुरा मॅडमनी तिला हाक मारली. त्या लॅपटॉपसमोर बसून मुंबईच्या ग्राफिक्सवाल्यांशी फोनवर भांडत होत्या.

“निलम, आपण ह्यांना रिकामा पाट दिलाय ना? हे म्हणतात, माणूस बसलाय, त्याच्यावर राजकुमार चढवता येत नाही. तू काय गोंधळ घातलास?”

“कुठला शॉट, मॅडम?”

“गुरुवारचा. लाईटची टेस्ट. घुंगटातली तू छान दिसलीस म्हणून डायरेक्टरनी तोच ठेवलाय.”

मॅडमनी शॉट लावला. लाल घुंगट, निलमचे पाय, पावलावरचा वण. वाकलेली जानी. उजव्या कडेला हिरव्या कापडाचा पाट अर्धाच दिसत होता, पुढं चौकट संपत होती. पाट रिकामा होता. जानीचे ओठ हलले. घुंगट खाली झुकला, वर आला.

आणि पाटावर एक गुडघा होता.

कोणी येताना दिसलं नाही, बसताना दिसलं नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाचा गुडघा, मळकट पांढऱ्या धोतरातला. धोतरावर हळदीचा हात पुसलेला, आणि ती हळद अजून ओली चमकत होती. बाकीचा माणूस चौकटीच्या बाहेर होता.

“कोणाला बसवलंस?” मॅडमनी विचारलं.

“कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? हा गुडघा काय वरून पडला?”

निलमनं शॉट मागं घ्यायला सांगितला. एकेक फ्रेम पुढं नेली. मान डोलावण्याआधी पाट रिकामा. मान डोलावली, त्याच्या पुढच्या फ्रेमला गुडघा. मधे काही नाही. कंटिन्युइटीची एवढी मोठी चूक तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि ती चूक तिची होती.

“जाऊ दे,” मॅडम वैतागून म्हणाल्या. “लाईटवाल्यांपैकी कोणीतरी असेल टवाळ. कापून टाका ती बाजू.”

कापली. संध्याकाळी मंडपही मोडला. थर्माकोलचे खांब ट्रकमध्ये गेले, पाट गोदामात गेले. निलमनं स्वतः उभं राहून ते कुलूप लावून घेतलं आणि मनाशी म्हणाली, संपलं एकदाचं.

५

रविवारी जीवन आला. होळीनंतर निलमचं त्याच्याशी लग्न करायचं नुकतंच ठरलं होतं, जानीला अजून सांगायचं होतं. मुलगा वायरमन, स्वभावानं गरीब, हसरा. वरोरच्या एका मित्राकडून मोटारसायकल मागून आणली होती. दोघं बांगड्या बघायला निघाले.

निलम मागं बसली. थंडीचा वारा होता, तिनं ओढणी गुंडाळून घेतली. तलासरी नाक्याच्या आधी तिच्या ध्यानात आलं, की पाठीला गार लागत नाही. मागं फक्त कॅरियरची लोखंडी दांडी होती. पाठीला ऊब लागत होती. दाटीवाटीच्या बाकावर शेजारच्याची लागते ना, तशी. ती जरा पुढं सरकली. ऊबही सरकली.

नाक्यावर शिट्टी वाजली. हवालदारानं हात आडवा केला.

“ट्रिपल सीट? लायसन काढा!”

“साहेब, दोघंच आहोत,” जीवन म्हणाला.

हवालदार जवळ आला. त्यानं जीवनकडं पाहिलं, निलमकडं पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं. तो तिथं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग चष्मा काढून पुसला.

“जावा,” तो म्हणाला. आवाज उतरला होता. “जावा लवकर.”

जीवनला कोण हसू आलं! पुढं पंपावर त्यानं हवा भरून घेतली. मागचं चाक बसलं होतं. “पोती भरून आणली काय रं?” पंपावरच्या माणसानं विचारलं, आणि जीवन पुन्हा हसला.

“बरं, जानी आत्याला सांगितलंस ना?” बांगड्यांच्या दुकानात त्यानं विचारलं. “आईचं एकच म्हणणं आहे. जानी गाणार असेल तर लग्न. माझ्या आजीचं, आईचं, सगळ्यांचं तिनंच गायलंय. ती नाही तर घरातलं कोणी लग्नाला उभं राहणार नाही.”

“सांगते,” निलम म्हणाली. दहा दिवसांत ती आत्याच्या वाटेलाही गेली नव्हती. दुकानदारानं हिरवा चुडा पुढं केला. तिनं हात मागं घेतला. तिला त्या हाताचीही लाज वाटली.

६

दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या पाड्यावर गेली. सकाळचं ऊन होतं. जानी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. निलमला बघून ती लगबगीनं उठली, आणि उठता उठता तिनं पदर डोक्यावर घेतला. जानी घरच्या माणसांसमोर कधी पदर घेत नसे.

“या,” ती म्हणाली. निलमला ती आयुष्यभर ‘ये’ म्हणत आली होती.

आत सारवलेल्या जमिनीवर तिनं पाट मांडला. मग भिंतीशी उभा केलेला दुसरा पाट आणला आणि शेजारी मांडला, मध्ये वीतभर जागा ठेवून. कोरा चहा दोन कपांत ओतला. स्वतःसाठी वाटी घेऊन ती खाली चुलीपाशी बसली.

निलम पाटावर बसली. वाटेत जुळवून आणलेलं सगळं बोलणं विसरलं आणि तिला रडूच फुटलं.

“आत्या, मी खोटं बोलले. ते लग्न नव्हतं. टीव्हीचं नाटक होतं. मॅडमनी विचारलं तर मी म्हटलं, तू माझी कोणी नाहीस. मला लाज वाटली. तुझी लाज वाटली गं मला. आता माझी मलाच वाटते.”

जानीनं शेंगांचं सूप मांडीवर ओढलं.

“मला वाटलं, तू पळून लग्न करतेस,” ती सावकाश म्हणाली. “मोठ्या घरात. म्हणून ओळख देत नाहीस. म्हटलं, पोरीची लाज राखावी. नाव कोणी सांगेना, तर पाय बघितला. वण बघितला. मग म्हटलं, ही तर आपली निलू. मग काय, जीव ओतून गायले. तुझी आई असती तर तिनंही ऐकलं असतं उभं राहून.”

“होळीनंतर माझं लग्न आहे, आत्या. जीवनशी. तू गाशील ना?”

“तुझं गायलं ना मी.”

“ते खोटं होतं!”

“माझं गाणं खोटं नव्हतं गो.” जानीच्या आवाजात राग नव्हता, हेच निलमला सोसवेना. “मी दोनदा विचारलं. नवरा येतोय ना, म्हणून विचारलं. तू मान डोलावलीस. एका पोरीचं दोनदा कसं गाऊ? पहिल्याला काय सांगू?”

“कुठला पहिला?” निलम ओरडली. “आत्या, तिथं कोणी नव्हतं! पाट रिकामा होता. कोणी नाही, कोणीच नाही!”

बाहेरची कोंबडी ओरडायची थांबली. निलमची नजर सवयीनं खाली गेली. बसली तेव्हा दोन पाटांमध्ये वीतभर जागा होती. आता पाटाला पाट लागला होता. शेजारच्या कपातला चहा अर्धा झाला होता, आणि कपाच्या कानाला हळदीचं बोट लागलं होतं, ओलं.

जानी पुढं झाली. तिनं आपला खरखरीत हात निलमच्या तोंडावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. पण तिची नजर निलमकडं नव्हती. शेजारच्या पाटाकडं बघून तिनं डोळे खाली घातले, पदर आणखी पुढं ओढला, आणि माफी मागितल्यासारखं हळू बोलली.

“असं म्हणू नको गो. शेजारी बसून ऐकायला लागतं तेव्हा फार लागतं. मला लागलं होतं.”